एलियाच्या काठीची गुढी

ऑस्ट्रेलियाचं पहिलं दर्शन मला झालं ते सिडनीच्या विमानतळावर, एका स्टीलच्या टेबलापलीकडे. निळे रबरी हातमोजे घातलेल्या एक हसतमुख अधिकारी बाई आमची बॅग उघडून उभ्या होत्या, आणि माझी पत्नी कुंदा त्यांच्याकडे, देवघरात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होती.

बॅगेत वरच पाडव्याचं सामान होतं. मुलाच्या घरी यंदा गुढी उभारायचीच, असा कुंदाने नाशकात पण केला होता. त्यासाठी रविवार कारंजाजवळच्या एका सुताराकडून तिने वेळूची काठी मधोमध कापून, जोड बसवून, बॅगेत मावेल अशी करून घेतली होती. शिवाय साखरेची गाठी, तांब्याचा गडू, जरीचा नवा खण आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला. बाईंनी गाठी उलटीसुलटी करून परत ठेवली, गडूत डोकावून पाहिलं, आणि पाला व काठी बाजूला काढली.

"हे लाकूड आहे का?" त्यांनी विचारलं.

पाटबंधारे खात्यात जन्म गेल्यामुळे माझं इंग्रजी अर्जाचं आहे. 'सदर काठी धार्मिक प्रयोजनार्थ आणण्यात आली असून' अशा अर्थाचं एक वाक्य मी सुरू केलं. ते क्रियापदाशी पोहोचेपर्यंत काठी पिवळ्या डब्यात गेली होती.

"नो वरीज," बाई म्हणाल्या. नो वरीज (काळजी नसावी) हे इथलं सर्वांत लाडकं उत्तर. वस्तू देताना म्हणतात, काढून घेतानाही म्हणतात, आणि दोन्ही वेळा तितक्याच मनापासून.

गाडीत बसल्यावर कुंदा म्हणाली, "काठीचं आता तुम्ही बघा."

"बघतो," मी म्हणालो. आमच्या घरात 'बघतो' या उत्तरावर कुणी विसंबून राहत नाही, पण विचारण्याची रीत आहे.

आमचा मुलगा अमेय स्कोफिल्ड्सला राहतो. ऑपेरा हाऊसचे फोटो पाठवून आईवडिलांना बोलवायचं आणि मग तिथून तासभर पश्चिमेला नेऊन ठेवायचं, असा इथल्या मुलांचा शिरस्ता दिसला. काही वर्षांपूर्वीपर्यंत या जागेवर गुरं चरत होती म्हणे. आता एका रंगाच्या घरांच्या रांगा आहेत, प्रत्येकापुढे गॅरेज, आणि गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं. कुणाच्या गॅरेजात दुसरा ओटा, कुणाच्या गणपतीची मखरं. पहिल्या आठवड्यात रस्त्यात जेवढी माणसं भेटली त्यातली निम्मी कोथरूडची निघाली, आणि त्यांतल्या प्रत्येकाने मला स्कोफिल्ड्समध्ये पाणी किती छान आहे ते सांगितलं.

अमेय वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये असे. सून केतकी मेट्रोने ऑफिसला जाई. नात इरा सहा वर्षांची. तिला मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार आपोआप झाला होता. वायफायचा पासवर्ड, गरम पाण्याचा नळ आणि कुठल्या रंगाच्या डब्यात कुठला कचरा, या तिन्ही गोष्टींसाठी मला तिच्याकडेच जावं लागे. चौतीस माणसांच्या कार्यालयावर मी सही चालवली होती. इथे टीव्ही लावायलाही परवानगी लागत होती, म्हणजे कुणी नाही म्हणत नव्हतं, पण लावता येत नव्हता.

म्हणून मी संध्याकाळी फिरायला जाऊ लागलो. वस्तीच्या मधोमध एक तळं खोदलेलं आहे. त्याभोवती पांढरे, काळ्या मानेचे, लांब वाकड्या चोचीचे पक्षी हिंडत असतात; आपल्याकडच्या शराटीचे भाऊबंद. दिसायला ऋषी, पण कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतात, म्हणून लोक त्यांना बिन चिकन (कचरापेटीतली कोंबडी) म्हणतात. तिथेच मला एलिया भेटले.

उंच, काटक, काळा सूट आणि पायात धावण्याचे बूट. वय माझ्याएवढंच किंवा थोडं जास्त. पण माझी नजर गेली ती त्यांच्या हातातल्या काठीवर. छातीपर्यंत येणारी, एकाच लाकडातून कोरलेली. वर माणसाचं डोकं: लांबट चेहरा, बारीक मिटल्यासारखे डोळे, केसांचा उंच तुरा. मानेभोवती कड्यांसारखी वळी, आणि तिथून खाली टोकापर्यंत एक नागमोडी पट्टी, तापल्या लोखंडाने काळी केलेली. हात जिथे धरतो तिथली नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती. आपल्याकडे काठी म्हणजे काठी असते, तिला तोंड नसतं. ही माझ्याकडे बघत होती.

"ब्यूटिफुल स्टिक," मी म्हणालो.

"ही स्टिक नाही," ते म्हणाले. "स्टिक कुत्र्यासाठी असते. ही आमच्या घराची काठी आहे." म्हणजे त्यांनी दोन्ही वेळा वेगळे शब्द वापरले, मराठीत मला दोन्हीला काठीच म्हणावं लागतंय.

ते आमच्या शेजारच्याच घरात राहत होते, आणि मला तीन आठवडे पत्ता नव्हता. इथल्या कुंपणाचे पत्रे तसे उंच आहेत. एलिया झांडे लोकांपैकी. दक्षिण सुदान, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक हे तीन देश जिथे भेटतात तिथल्या जंगलपट्टीत त्यांची वस्ती. लढाईत गाव सुटलं, मग युगांडातल्या छावणीत कित्येक वर्षं, मग मुलगी ग्रेस हिने इथे आणलं. ग्रेस वृद्धाश्रमात परिचारिका आहे. नवरा नाही. तिची मुलगी रोझ युनीत (विद्यापीठात) फिजिओथेरपी शिकते.

त्यानंतर आम्ही रोज भेटू लागलो. त्यांचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, माझं अर्जाचं. त्यामुळे आमच्या गप्पा फार सभ्य होत असत. ते मला 'नेबर' म्हणत. काठीची हकिकत त्यांनी हप्त्याहप्त्याने सांगितली.

"हे तुमचे वडील का?" मी एकदा त्या कोरलेल्या चेहऱ्याबद्दल विचारलं.

"जुन्या काठीवर आजोबा होते. ती गावातच राहिली, बहुतेक जळाली. छावणीत आमच्यातला एक कोरणारा होता, त्याला मी सांगितलं, माझे वडील कर. त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं."

"मग सारखे दिसतात?"

"अजिबात नाही. माझ्या वडिलांचं नाक मोठं होतं." ते थोडं चालले. "पण आता वडील आठवायला गेलो की हाच चेहरा येतो. काय करणार."

त्या काठीनेही आमच्यासारखंच विमानतळावर स्टीलचं टेबल पाहिलं होतं. तिच्यात कीड असेल म्हणून तिला कित्येक दिवस ठेवून घेतलं आणि विषारी धुरी दिली. "मला त्यांनी फक्त प्रश्न विचारले," एलिया म्हणाले. "वडिलांना जास्त त्रास झाला."

ग्रेसने एकदा आमच्याकडे डबा पाठवला. दाण्याच्या कुटात शिजवलेली हिरवी पालेभाजी, आणि सोबत कण्यांसारखा घट्ट, पांढरा गोळा. कुंदाने बोटाने चव घेतली, पुन्हा घेतली. "गूळ विसरल्यात," ती म्हणाली, पण डबा रिकामा झाला. परत देताना तिने त्यात मेथीचे लाडू घातले. ग्रेसने ते औषध समजून रोज सकाळी एक असे खाल्ले, आणि गुण आला असं कळवलं.

पाडवा जवळ आला तसे एलिया अबोल होऊ लागले. मी खोदून विचारलं तेव्हा तळ्याकाठच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं.

रोझचं लग्न ठरत होतं. मुलगा मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाचा, तोही झांडेच. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं होतं, राहिले होते ते मोठे. येत्या रविवारी मुलाचे चुलते येणार, इथून जवळच ब्लॅकटाउनच्या एका हॉलमध्ये दोन्ही घरं बसणार. एलियांच्या घराच्या रीतीप्रमाणे ते उभे राहणार, काठी हातात धरून नातीचा शब्द देणार. "इतर घरांत वेगळं असेल. आमच्यात असं," ते म्हणाले. मग मुलाचे थोरले चुलते विचारणार: तुमच्यामागे या घरासाठी कोण बोलणार? उद्या मुलामुलीत भांडण झालं तर आम्ही कुणाच्या दारात यायचं? त्याचं नाव तिथेच सांगायचं आणि सगळ्यांसमोर काठी त्याच्या हातात द्यायची.

"मग द्या की," मी म्हणालो.

"कुणाच्या? एक मुलगा युगांडात आहे, फोन उचलत नाही. दुसरा पर्थला खाणीवर. तो म्हणतो, बाबा, काठी म्युझियमला देऊन टाका."

"ग्रेस आहे ना."

"चुलते बाईच्या हातातली काठी मानणार नाहीत. मागच्या खेपेला तोंडावर म्हणाले, या घरात पुरुष उरला नाही. नाव नाही सांगितलं तर ते उठून जातील. ग्रेसचं सांगितलं तरी उठून जातील." त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "रोझ घरात गाणी म्हणत फिरते आहे."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. "आमच्याकडे असं काही राहिलेलं नाही," मी सांगितलं. "स्त्री-पुरुष समान."

"छान," एलिया म्हणाले. "मग तुमच्या घरासाठी कोण बोलतं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. बिन चिकन आमच्यासमोरून चिप्सचं पाकीट घेऊन गेला.

शनिवारी संध्याकाळी तळ्याकडून येताना एलियांची काठी आमच्या दारातल्या फरशीवर घसरली. ते पडता पडता वाचले. मी लगेच काठीचं खालचं टोक तपासलं आणि सांगितलं, हिला रबरी टोपण हवं; आमच्या नाशकात प्रत्येक म्हाताऱ्याच्या काठीला असतं. उद्या हॉलच्या गुळगुळीत फरशीवर उभं राहायचंय, तिथे घसरली म्हणजे? एलियांना ते पटत नव्हतं. वडिलांना बूट घालायचे का, असं त्यांनी विचारलं. पण मी आग्रह धरला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच एका विषयात माझा शब्द चालण्यासारखा होता. शेवटी त्यांनी काठी माझ्या हातात दिली. दुपारी निघायच्या आधी परत करतो, असं मी वचन दिलं.

काठी मी गॅरेजमध्ये वॉशिंग मशिनशेजारी उभी केली. कुणाला काही सांगितलं नाही. कुंदा चक्का बांधत होती, अमेय कॉलवर होता.

रविवारी सकाळी मी अमेयला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकान एवढं मोठं की त्यात आमची अख्खी कॉलनी पार्किंगसकट बसली असती. दाराशी सॉसेज भाजत होते. रबरी टोपणं सापडायला वेळ लागला, कारण ती 'खुर्च्यांचे पाय' या विभागात होती. गुढीची काठी मात्र मी साफ विसरलो होतो. आठवण झाली ती परतीच्या वाटेवर, आणि मग दोघांनी मिळून ठरवलं की मॉपचा दांडा चालेल.

घराशी वळलो तर पोर्चमध्ये गुढी उभी होती.

सुरेख होती, यात वाद नाही. जरीचा हिरवा खण चुण्या घालून बांधलेला, साखरेची गाठी, झेंडूची माळ. कडुनिंब विमानतळाने खाल्ला होता, म्हणून समोरच्या रस्त्यावरच्या बकाण निंबाच्या डहाळ्या. वर पालथा घातलेला तांब्याचा गडू, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. आणि खणाच्या खाली, झेंडूच्या माळेआडून, ओळखीची नागमोडी काळी पट्टी.

"कुंदा," मी म्हणालो, "ही काठी..."

"किती सुंदर आणलीत हो!" ती खरोखर आनंदली होती. "मी केतकीला म्हटलं, बघ, यांनी लक्षात ठेवलं. मुहूर्त टळत होता, तुमचा पत्ता नाही, म्हणून मीच उभारली."

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती माझं असं कौतुक करत होती, आणि मला ते तिथल्या तिथे परत करावं लागलं. मी सगळं सांगितलं. कुंदाचा चेहरा उतरला. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली, तीही अशी, हे तिला फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं.

"मी त्यांच्या पाया पडून माफी मागते," ती म्हणाली. "पण गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची नाही."

"कुंदा, त्यांना दुपारी..."

"पोरांच्या घरातली पहिली गुढी आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी अर्ध्यात उतरवायची? मी नाही उतरवणार, आणि तुम्हीही हात लावायचा नाही."

"आई, टेक्निकली आपण इंडियाचा सनसेट धरला तर..." अमेय म्हणाला.

"तो तर आणखी उशिरा होतो, अमेय," केतकी म्हणाली. "तू प्लीज आत जा."

आणि नेमके त्याच वेळी एलिया काठी न्यायला आले. तोच काळा सूट, आज बूटही काळे. ते आमच्या ड्राइव्हवेवर थांबले. त्यांनी गुढी पायापासून वरपर्यंत पाहिली. वर पोहोचल्यावर त्यांची नजर गडूवर खिळली.

"नेबर," ते हळू म्हणाले, "माझ्या वडिलांच्या डोक्यावर भांडं का आहे?"

मी इंग्रजीत अर्ज सुरू केला. कुंदाने मला बाजूला सारलं आणि स्वतः मराठीत बोलू लागली. केतकी भाषांतर करत होती, पण ते मागे पडलं. हा आमचा नववर्षाचा दिवस, ही घराची मानाची गोष्ट, हिला आम्ही नमस्कार करतो, चूक माझी झाली, यांना विचारायला हवं होतं पण हे घरात नव्हते, आणि हे घरात असते तरी त्यांना विचारून उपयोग नव्हता. एलिया तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हणजे हा अपमान नाही," त्यांनी केतकीला विचारलं.

"नो नो, अंकल. हायेस्ट रिस्पेक्ट."

"भांडं काढा. त्यांना दिसत नाही."

कुंदाने क्षणभर विचार केला आणि गडू उचलला. "गडू काढला म्हणजे गुढी उतरवली असं होत नाही," तिने जाहीर केलं. मिटल्या डोळ्यांचे, कपाळावर कुंकू लागलेले वडील खणाच्या चुण्यांमधून आमच्याकडे पाहू लागले. इरा म्हणाली, "आजी, ही लुक्स सो फॅन्सी."

एलिया हसले नाहीत. ते काहीतरी जुळवत होते. "हे कुणी उभं केलं?" त्यांनी विचारलं.

"हिने," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी टोपण आणायला गेलो होतो."

"तुम्ही सांगितलं तर उतरवतील?"

मी कुंदाकडे पाहिलं. केतकी खोकल्याचं निमित्त करून घरात गेली.

"सूर्यास्तापर्यंत नाही," मी म्हणालो.

"मग अशीच चला," एलिया म्हणाले. "आणि यांनाही घेऊन चला. तुम्हीही या," त्यांनी माझ्यासाठी पुस्ती जोडली.

गुढी आडवी केली म्हणजे उतरवली, असा दुसरा निर्णय कुंदाने गाडीच्या दारात दिला. त्यामुळे अमेयच्या गाडीचं सनरूफ (टपाची सरकती काच) उघडून, कुंदा मधल्या सीटवर काठी दोन्ही हातांनी ताठ धरून बसली, आणि वडील टपाबाहेर डोकं काढून ब्लॅकटाउनला निघाले. खणाचा पदर वाऱ्यावर फडफडत होता. सिग्नलला शेजारच्या ट्रकवाल्याने अंगठा दाखवला. अमेय पूर्ण रस्ताभर, "आई, कॉप्स दिसले तर खाली घे हं," म्हणत होता, आणि कुंदा काठी आणखी ताठ धरत होती. एलिया पुढच्या सीटवर हात जोडल्यासारखे गुडघ्यांत घालून बसले होते. ते घाबरले होते. मी मागे, खुर्चीच्या पायांचं टोपण खिशात घेऊन. केतकी इराला घेऊन तिच्या गाडीतून मागोमाग येत होती.

हॉल साधा होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा पिंप, भिंतीवर बॅडमिंटनच्या वेळा. बायका रंगीबेरंगी मोठाल्या फुलांच्या कपड्यांत, पुरुष सुटांत. ट्रुगानिनाचे चुलते पहिल्या रांगेत रात्रभर गाडी चालवून आलेल्या चेहऱ्यांनी बसले होते. थोरले मधोमध. कुंदा काठी घेऊन आत आली तसा गलका कमी झाला. तिने ती एलियांच्या हातात दिली आणि बायकांच्या बाजूला ग्रेसशेजारी जाऊन बसली.

थोरल्या चुलत्यांनी खण निरखला, गाठी निरखली. "हे वस्त्र कुठल्या कुळाचं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"माझ्या शेजाऱ्यांच्या," एलिया म्हणाले.

मग ते उभे राहिले. काठी टेकवली. फरशीवर ती घसरली नाही, हे मी आवर्जून पाहिलं. ते आधी आपल्या भाषेत बोलले. मग ज्यांचं लग्न होतं त्यांना ती भाषा पुरती येत नव्हती म्हणून पुन्हा इंग्रजीत. रोझ आमच्या घरची, तिचं मन तुमच्या मुलाकडे आहे, माझा शब्द तिच्या मनामागे उभा आहे, एवढंच. एवढ्या माणसांत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी आयुष्यभर बैठका घेतल्या, पण माझं बोलणं लोकांनी इतकं शांतपणे कधी ऐकलं नाही.

चुलते उठले. तो प्रश्न आलाच. "तुमच्यामागे या घरासाठी कोण बोलणार?"

एलिया चार पावलं चालत गेले आणि काठी ग्रेसच्या हातात दिली. ग्रेसला याची कल्पना नव्हती. तिने ती घेतली, पण धरावी की परत करावी हे तिला कळेना. खुर्च्या सरकल्या. दोन चुलते उभेच राहिले. रोझने तोंडावर हात घेतला.

"बाईच्या हातात?" थोरले म्हणाले. "आम्ही हिच्या दारात यायचं? हिचं कोण ऐकणार?"

"ही काठी आज सकाळी एका बाईने उभी केली," एलिया म्हणाले. त्यांनी कुंदाकडे हात केला. "यांनी. माझे वडील आहेत तिच्यात, मी स्वतः मागायला गेलो होतो. या म्हणाल्या, सूर्य मावळेपर्यंत नाही. त्यांच्या घरात शिकलेला मुलगा आहे, नवरा आहे. कुणाची हात लावायची छाती झाली नाही. माझीही नाही. तुमची असेल तर आता लावून बघा."

कुंदाला शब्द कळत नव्हते, पण आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळलं. तिने पदर सारखा केला आणि चुलत्यांकडे रोखून पाहिलं. ती दृष्टी मला ओळखीची आहे.

चुलते तिच्याकडून माझ्याकडे वळले. सगळा हॉल वळला.

"तुम्ही हिचे नवरे?" त्यांनी विचारलं. "हे खरं आहे?"

एलिया माझ्याकडे बघत होते. तळ्याकाठी मी त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं, हे मला दिसलं. तेव्हाच मला उमगलं की त्यांनी मला पाहुणा म्हणून आणलं नव्हतं, साक्षीला आणलं होतं. रोझ रडायच्या बेतात होती. मी उभा राहिलो. अर्ज आठवेना.

"खरं आहे," मी म्हणालो. "आमच्या घरात हीच बोलते. पहिल्यापासून. मी फक्त सही करतो."

कुणीतरी मागे हसलं. मग बायकांच्या बाजूने हसण्याची लाट आली, पुरुषही हसले, आणि शेवटी थोरल्या चुलत्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. "माझ्याही घरात," ते त्यांच्या भावाला म्हणाले, तेवढं मला ऐकू आलं. हसू ओसरल्यावर ते ग्रेससमोर गेले. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताखाली, काठीच्या झिजलेल्या जागी, आपला हात ठेवला. बायकांनी जिभा हलवून असा काही उंच स्वर काढला की इराने कान झाकले. केतकी माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, कुल!"

मी कुंदाकडे पाहिलं. अमेय तिला माझं वाक्य मराठीत सांगत होता. तिने ते ऐकलं, आणि माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे. त्या एका क्षणात मला जेवढी लाज वाटली आणि जेवढा आनंद झाला तेवढं दोन्ही एकदम कधी झाल्याचं आठवत नाही.

सूर्यास्ताला हॉलच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधे, कुंदाने गुढी उतरवली. ग्रेसने काठी धरली होती. गाठीचे तुकडे चुलत्यांनाही मिळाले; थोरल्यांनी दोनदा मागून घेतले. खणाने कुंदाने रोझची ओटी भरली, नारळ केतकीच्या गाडीत होताच. वडिलांच्या कपाळावरचं कुंकू पुसायला ती निघाली तर एलिया म्हणाले, राहू दे, जाईल आपोआप. रबरी टोपणाचा विषय मी काढला. सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या महिन्यात आम्ही परत निघालो. ऑपेरा हाऊसही पाहिलं, पूलही पाहिला, कांगारूला हाताने खाऊ घातला. नाशकात आता लोक त्याचंच विचारतात आणि मी तेच सांगतो, कारण फोटो त्याचे आहेत. हॉलमधला एकही फोटो अमेयने काढला नव्हता. तो म्हणाला, बाबा, सुचलंच नाही.

परत आलो त्या दिवशी पहाटेच्या गाडीने मुंबईहून घरी पोहोचलो. बॅगा वर चढवून मी दाराशी उभा राहिलो. दारावर पितळेची पाटी आहे, मीच करून घेतलेली. वर माझं नाव, हुद्द्यासकट, कंसात 'निवृत्त'. खाली अमेयचं, ज्याने गेली कित्येक वर्षं या घरात दिवाळीसुद्धा केलेली नाही. पाटीवर आणखी एका नावापुरती जागा नाही. मुळात सोडलेलीच नव्हती, आणि इतक्या वर्षांत रोज येताजाता मला ते दिसलं नव्हतं.

किल्ली कुंदाच्या पर्समध्ये होती.

"सरका जरा," ती म्हणाली. "दार उघडू द्या."

मी सरकलो.